सात वर्षांनी पुसला जाणारा पुरावा

निवडणुकीत गल्लीतल्या छापखान्यातून हजार पत्रके काढायची म्हटली, तरी कायदा दारात उभा असतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127-अ नुसार पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता लागतो. आपण कोण, याचे निवेदन प्रकाशकाने ओळखीच्या दोघांच्या साक्षीने सही करून छापखान्यात द्यायचे. छपाई झाली की मुद्रकाने त्या निवेदनासह पत्रकाची एक प्रत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची. नियम मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पत्रक कोणी काढले आणि त्यात काय छापले, हे एकाच दप्तरात राहते. त्याच मतदारसंघातला उमेदवार फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवरून लाखो मतदारांपुढे जातो, तेव्हा मात्र जाहिरातीची मंजुरी एका कचेरीत, ऑर्डर एजन्सीच्या संगणकात आणि जाहिरात परदेशी कंपनीच्या संग्रहात पडून राहते. या तिघांची गाठ घालून देणारी सार्वजनिक नोंद आपल्याकडे नाही, ही धोक्याची गोष्ट आहे.

नियम नाहीत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 13 एप्रिल 2004 च्या आदेशाने दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणन सक्तीचे झाले. निवडणूक आयोगाने 25 ऑक्टोबर 2013 रोजी तेच बंधन समाजमाध्यमांना लावले. जिल्ह्याची माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समिती, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एमसीएमसी, जाहिरात पाहून प्रमाणपत्र देते. नोंदणीकृत पक्षाने किंवा उमेदवाराने तीन दिवस आधी आणि इतरांनी सात दिवस आधी अर्ज करायचा, सोबत जाहिरातीच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता जोडायची. निर्मितीचा खर्च, जाहिरात किती वेळा दाखवणार आणि दर काय, हेही लिहायचे.

हा नमुना टीव्हीच्या काळातला आहे आणि घोटाळा इथेच होतो. ऑनलाइन जाहिरातीला सहसा ठरलेला दर नसतो. प्रत्येक वेळी क्षणार्धात लिलाव होतो आणि त्यातून किंमत ठरते. जाहिरात नेमकी किती वेळा दिसेल हेही आधी कोणी सांगू शकत नाही. शिवाय जाहिरात एकच राहत नाही. चार चित्रे, पाच मथळे, तीन ओळी यंत्रणेच्या हवाली केल्या की त्यांची जुळवाजुळव करून ती वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे रूप दाखवते. सकाळी बूस्ट केलेल्या जाहिरातीच्या जागी दुपारी बदललेली ओळ येऊ शकते. समितीने पाहिली तीच जाहिरात मतदाराने पाहिली का? हे पडताळायचे साधन मतदाराच्या हाती नाही, आणि खर्च निरीक्षकालाही त्यासाठी तीन ठिकाणची कागदपत्रे शोधून जुळवावी लागतील.

ही कागदपत्रे एका जागी जोडणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, अशी सबब कोणी सांगू नये. वृत्तपत्राच्या जाहिरात विभागात रिलीज ऑर्डरशिवाय जाहिरात लागत नाही आणि व्हाउचर कॉपी, म्हणजे जाहिरात छापलेल्या अंकाची प्रत, जोडल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही, ही शिस्त जुनी आहे. आज तेच काम सॉफ्टवेअर करते. कोणत्या प्रतीला कोणी कधी मान्यता दिली, नंतर काय बदलले, बिल किती झाले, हे सारे ऑर्डरच्या एका क्रमांकाखाली सापडते. साबणाची जाहिरात करणाऱ्या कंपनीला आपल्या पैशाचा असा हिशेब मिळतो. मग मत मागणाऱ्या जाहिरातीचा हिशेब नागरिकाला का मिळू नये? उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारावर दुसऱ्याने खर्च करणे हा गुन्हा आहे. ती लेखी संमती ऑनलाइन ऑर्डरला जोडलेली नसेल, तर तो गुन्हा सिद्ध तरी कसा व्हायचा?

जे सार्वजनिक आहे तेही उसने आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीचा जाहिरातींचा खुला संग्रह, म्हणजे ॲड लायब्ररी, उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण तिच्यात एकेका जाहिरातीच्या खर्चाचा नेमका आकडा मिळत नाही, या रकमेपासून त्या रकमेपर्यंत असा पट्टा मिळतो. कोणत्या समितीने जाहिरात प्रमाणित केली, याचा रकाना तिथे नाही. आणि राजकीय जाहिराती तिथे ठेवण्याची मुदत सात वर्षे आहे. भारतात ही सोय 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर आली. म्हणजे त्या निवडणुकीतल्या जाहिरातींची मुदत 2026 मध्ये भरते. 2024 ची लोकसभा आणि महाराष्ट्राची विधानसभा 2031 मध्ये त्याच वाटेने जातील. याच कंपनीने अभ्यासक आणि पत्रकार वापरत असलेले क्राउडटँगल हे साधन 14 ऑगस्ट 2024 रोजी बंद केले. युरोपीय संघाने राजकीय जाहिरातींवर कडक नियम आणि सामायिक संग्रह आणायचे ठरवले, तेव्हा ऑक्टोबर 2025 पासून मेटा आणि गूगल यांनी तिथे अशा जाहिराती घेणेच थांबवले. कंपन्या आपल्या सोयीने येतात आणि जातात. सार्वजनिक दप्तर त्यांच्या भरवशावर सोडता येत नाही.

आयोगाचा कल मात्र नोंदी कमी करण्याकडे दिसतो. याचिका दाखल झाली नसेल तर निवडणुकीचे चित्रीकरण 45 दिवसांनंतर ठेवू नये, असे त्याने 30 मे 2025 च्या पत्राने राज्यांना कळवले. निवडणूक याचिकेची मुदत 45 दिवसांची आहे हे खरे. पण पाच वर्षांनी तोच उमेदवार पुन्हा दारात येतो, तेव्हा मागच्या वेळी त्याने कोणाला काय सांगितले होते हे तपासायचा हक्क मतदाराला आहे आणि त्या हक्काला 45 दिवसांची मर्यादा नाही.

म्हणून आयोगाने स्वतःची नोंदवही उभारावी. प्रमाणपत्राला एक क्रमांक असावा आणि तो क्रमांक टाकल्याशिवाय कोणत्याही कंपनीला निवडणूक जाहिरात चालवता येऊ नये. जाहिरातीची प्रत्येक बदललेली आवृत्ती, ती देणाऱ्याची संमती, ऑर्डर आणि शेवटचे बिल त्याच क्रमांकाखाली जमा व्हावे. निकालानंतर 30 दिवसांत उमेदवार खर्चाचा हिशेब देतो, तेव्हा हे सारे त्याच्या शेजारी ठेवून कोणालाही पाहता यावे, मराठीतूनही शोधता यावे. पुढच्या निवडणुकीआधी हे करता येण्याजोगे आहे. 2019 च्या जाहिरातींची पूर्ण प्रत मात्र कंपन्यांकडून आत्ताच लेखी मागून घ्यावी.