इजिप्तला जा, पण सगळा इजिप्त पाहू नका

दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्यांसाठी सहलींचे बुकिंग सुरू झाले, की वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत इजिप्त हमखास असतो. आठवड्याभराच्या कार्यक्रमात कैरो, गिझाचे पिरॅमिड, स्फिंक्स, अस्वान, अबू सिंबेल, नाईलवरची क्रूझ, कोम ओम्बो, एडफू, लक्सर, राजांची दरी आणि जमलेच तर तांबड्या समुद्राकाठचे हुर्घादा, असे सगळे बसवलेले असते. जितकी नावे जास्त तितकी सहल पैसावसूल, असा हिशेब विकणाऱ्याच्या डोक्यात असतो आणि घेणाऱ्याच्याही. हा हिशेब इतर देशांत चालून जात असेल. इजिप्तमध्ये तो अंगाशी येतो. माझे म्हणणे असे, की इजिप्तची सहल आखताना ठिकाणे मोजू नयेत, काळ निवडावा. तीन हजार वर्षांतले एक शतक किंवा फार तर एखादे राज्यपर्व घ्यावे, त्याच्या जागा सावकाश पाहाव्यात आणि बाकीच्यांवर, त्या कितीही प्रसिद्ध असोत, बिनदिक्कत काट मारावी.

याचे कारण इजिप्तच्या इतिहासाच्या लांबीत आहे, आणि त्याहून जास्त त्याच्या कलेच्या स्वभावात आहे. खुफूचा मोठा पिरॅमिड इ. स. पूर्व २५६० च्या आसपासचा. क्लिओपात्रा वारली इ. स. पूर्व ३० मध्ये. म्हणजे पिरॅमिड बांधणाऱ्यांपेक्षा क्लिओपात्रा आपल्याला काळाने जवळची आहे. पण या अडीच हजार वर्षांत तिथल्या कलाकाराने ठरलेली चौकट सहसा मोडली नाही. भिंतीवर जाळी आखून ठरावीक प्रमाणात माणूस काढायचा. चेहरा बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. शत्रूचे केस मुठीत धरून गदा उगारलेला राजा इ. स. पूर्व ३१०० च्या सुमाराच्या नार्मेरच्या पाटीवर आहे, आणि तोच पवित्रा एडफूच्या देवळाच्या दर्शनी भिंतीवर बाराव्या टॉलेमीने घेतला आहे. मध्ये तीन हजार वर्षे गेली. हा टॉलेमी तर ग्रीक वंशाचा. पण इजिप्तचा राजा म्हणून मिरवायचे तर त्याला तीच मुद्रा घ्यावी लागली. अस्वानकडून निघालेल्या क्रूझवरचा पर्यटक एका दिवशी एडफू पाहतो आणि लगोलग कर्नाकला येतो. एडफूचे बांधकाम इ. स. पूर्व २३७ ला सुरू होऊन ५७ मध्ये पुरे झाले. कर्नाकचा १३४ खांबांचा प्रसिद्ध मंडप त्याच्या हजारेक वर्षे आधीचा. दोन्हीकडे उंच दर्शनी भिंती, दोन्हीकडे खांब, दोन्हीकडे ससाण्याच्या तोंडाचा देव. तिसऱ्या दिवशी बसमध्ये कुणीतरी बोलून जातेच, की सगळी देवळे सारखीच. त्या माणसाला रसिकता नाही असे मुळीच नाही. जो फरक सावकाश पाहिल्यावरच दिसतो, तो त्याला पळवत पळवत दाखवला गेला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे घरच्या उदाहरणावरून लगेच पटेल. अजिंठ्याचे दहावे लेणे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातले, एकोणिसावे इसवी सनाच्या पाचव्या शतकातले. दहाव्यातला स्तूप साधा आहे, त्यावर बुद्धाची मूर्ती नाही; एकोणिसाव्यात स्तूपावरच बुद्ध उभा आहे. एका धर्माची उपासना कशी बदलली, हे त्या दोन स्तूपांमध्ये डोळ्यांनी दिसते. पण परदेशी पाहुण्याला दोन दिवसांत अजिंठा, वेरूळ, दौलताबाद आणि बीबी का मकबरा उरकायला लावले, तर त्याच्या लक्षात राहतील फक्त पायऱ्या आणि ऊन. आपण इजिप्तमध्ये नेमके असेच पाहुणे होऊन जातो.

मग काळ निवडायचा म्हणजे काय करायचे? एक पर्याय म्हणजे पिरॅमिडचे शतक. यासाठी कैरोचे हॉटेल सोडावे लागत नाही. सुरुवात गिझाला न करता सक्कारापासून करावी. तिथे जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे, साधारण साठ मीटर उंच, सहा टप्प्यांचा. तो इम्होतेपने उभारला, अशी परंपरा आहे. आधी तिथे मस्तबा, म्हणजे ओट्यासारखी सपाट, चौकोनी समाधी होती. ती वाढवत वाढवत तिच्यावर टप्पे चढवले गेले. तिथून कैरोच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर मेदूम. हाही आधी पायऱ्यांचाच होता. मग पायऱ्या भरून काढून त्याच्या बाजू सपाट करण्याचा प्रयत्न झाला, आणि बाहेरचे आवरण पुढे ढासळले. आज वाळवंटात दगडी बुरूज उभा असावा असा तो दिसतो. मग दहशूर. खुफूचा बाप स्नेफेरू याने इथे दोन पिरॅमिड बांधले. पहिल्याची बाजू खाली सुमारे ५४ अंशांत चढते आणि निम्म्यावर आल्यावर एकदम ४३ अंशांवर वळते. जमीन भार सोसेना, आतल्या दालनांना तडे जाऊ लागले, तेव्हा वरचा भार कमी करण्यासाठी कोन बदलला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शेजारचा लाल पिरॅमिड मग पायथ्यापासूनच ४३ अंशांच्या आसपास ठेवला, आणि सपाट बाजूंचा पिरॅमिड पहिल्यांदा नीट उभा राहिला. त्यानंतर गिझा. जोसेरपासून खुफूपर्यंत जेमतेम शंभर वर्षांचा हा प्रवास आहे.

या क्रमाने गेल्यावर गिझाचा मोठा पिरॅमिड वेगळाच दिसतो. मूळची १४६ मीटर उंची आणि २३० मीटरची बाजू हे आकडे गाईड सगळ्यांनाच सांगतो. पण दहशूरचा वाकलेला पिरॅमिड आधी पाहिलेल्या माणसाला त्या सरळ, ताठ कडेमागचे अपयश माहीत असते. परग्रहावरच्या लोकांनी पिरॅमिड बांधले, या आजही व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या गप्पांना दहशूरइतके चोख उत्तर दुसरे नाही; परग्रहवासी अर्ध्यावर कोन कशाला बदलतील? शिवाय २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे सापडलेल्या पपायरसांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तुराच्या खाणीतला चुनखडक बोटींतून गिझाला पोचवण्याच्या खेपा त्यात नोंदलेल्या आहेत. आणि परतीच्या वाटेवर सक्काराला पुन्हा जायला वेळ उरतो. तिथल्या ती नावाच्या अधिकाऱ्याच्या मस्तब्यात गुरे पाण्यातून पलीकडे नेण्याचे कोरीवकाम आहे. गुराख्याने वासरू पाठीवर घेतले आहे, आणि ते मान वळवून मागे राहिलेल्या आईकडे पाहते आहे. ठरीव चौकटीतच काम करणाऱ्या कारागिराने ती मान कशी वळवली, हे बघायला दहा मिनिटे तिथे थांबावे लागते. ती दहा मिनिटे आठवड्याभराच्या कार्यक्रमात कुठेच नसतात.

ज्यांना पिरॅमिडपेक्षा रंग आणि चित्रे आवडतात, त्यांनी कैरो जवळजवळ सोडूनच द्यावे आणि विमानाने थेट लक्सर गाठावे. इ. स. पूर्व १५५० ते १०७० च्या आसपासचे हे नवे साम्राज्य. नाईलच्या पश्चिम तीरावर देर अल-बहारीचे हातशेप्सुत राणीचे तीन गच्च्यांचे मंदिर आहे. पुंत देशाला गेलेल्या तिच्या जहाजांची चित्रे त्यात आहेत, आणि तिच्यामागून पुसून टाकलेल्या तिच्या प्रतिमांच्या खुणाही आहेत. रामोसे या वजिराच्या अपुऱ्या थडग्यात एका भिंतीवर जुन्या वळणाचे नाजूक काम आहे आणि दुसरीकडे अखेनातेन राजाने आणलेली नवी, लांबट शैली. कलेतले स्थित्यंतर एकाच खोलीत उभे राहून पाहायला मिळण्याच्या जागा जगात फार नाहीत. जवळच देर अल-मदिना आहे, राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे गाव. तिसऱ्या रामसेसच्या राज्यात धान्याचा पगार थकला, तेव्हा या लोकांनी काम बंद पाडले. त्याची नोंद असलेला पपायरस तुरीनच्या संग्रहालयात आहे. गिरणगावाचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला ते ओस पडलेले घरांचे पाये राजांच्या दरीइतकेच बोलके वाटतील. बहुतेक सहली मात्र या गावावरून बस न थांबवता जातात.

यावरचा पहिला आक्षेप रास्त आहे. एवढे पैसे खर्चून आयुष्यात एकदाच जायचे, मग अबू सिंबेल न बघता कसे परतायचे? पण अबू सिंबेलचा हिशेब मांडून बघा. अस्वानपासून ते तीनशे किलोमीटरच्या घरात आहे. पहाटे अंधारात उठायचे, तीन-साडेतीन तास वाळवंटातून बसने जायचे, दीड-दोन तास मंदिरे पाहायची आणि तेवढेच अंतर कापून परत यायचे. दुसऱ्या रामसेसच्या कहाणीत शिरलेल्या माणसाने हे जरूर करावे. अस्वानच्या धरणात बुडू नये म्हणून साठच्या दशकात ती मंदिरे डोंगरातून कापून वर नेली, ती कथाही मोठी आहे. पण केवळ यादीत नाव हवे म्हणून गेलेल्याला त्या दिवसातून मिळते ते छायाचित्र, आणि दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी. पुन्हा जाणे होणार नसेल, तर उलट जास्त जपून निवडले पाहिजे. शिवाय जादा देशांतर्गत विमाने आणि क्रूझ वगळली, की वाचलेल्या पैशांत दोन दिवस वाढवता येतात.

दुसरा आक्षेप घरातून येतो. सगळ्यांना इतिहासाची आवड नसते, आजी-आजोबांचे गुडघे दुखतात, मुले कंटाळतात. पण रोज पहाटे बॅगा भरून हॉटेल बदलणारी सहल गुडघ्यांना आणि मुलांना सोपी असते, असे कोण म्हणेल? एकाच ठिकाणी मुक्काम ठेवला, तर सकाळी पाहणे, दुपारी झोप, संध्याकाळी बाजार असा दिवस आखता येतो. ज्याला जायचे नाही तो हॉटेलवर थांबू शकतो. पिरॅमिडच्या आतल्या वाटा वाकून, चढून जायच्या असतात, त्या ज्येष्ठांनी सोडल्या तरी बाहेरून काही बिघडत नाही. मुलांचे म्हणाल, तर एकामागून एक फसलेले पिरॅमिड ही गोष्ट त्यांना राजांच्या वंशावळीपेक्षा नक्की रुचेल. जेवणाची भीतीही अवाजवी आहे. भात, मसूर, मॅकरोनी, छोले आणि तळलेला कांदा घालून केलेली कोशरी, बाकल्याच्या दाण्यांचे फूल आणि तामियाचे वडे हे तिथले रोजचे, स्वस्त आणि शाकाहारी खाणे आहे. खरी काळजी घ्यायची ती हंगामाची. शाळेच्या सुट्टीचा मे महिना लक्सर-अस्वानला चाळिशीपार जातो. दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यात बरे. रमजानमध्ये स्थळांच्या वेळा कमी होतात, तेही आधी बघून घ्यावे.

तिसरा आक्षेप जास्त बारकाईचा आहे. असा एकच काळ पाहिला, तर इजिप्तचे अखंडपण कसे कळणार? तीन हजार वर्षे टिकून राहणे हेच तर त्याचे वैशिष्ट्य. हे मला मान्य आहे. पण सातत्य जाणवायला आधी बदल ओळखता यावा लागतो, आणि बदल ओळखायला एका तरी काळात नजर रुळावी लागते. एका शतकाशी ओळख झाली, की उरलेल्या काळासाठी संग्रहालय पुरते. गिझाजवळचे ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिकृतपणे खुले झाले, आणि तुतानखामूनच्या थडग्यातला पाच हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह तिथे एकत्र मांडला आहे. पिरॅमिडचे शतक निवडणाऱ्यालाही सोन्याचा मुखवटा त्याच रस्त्यावर भेटतो. नियम एवढा कडक नाही, की त्यासाठी अर्धा दिवस काढता येऊ नये.

हे सगळे ग्रुप टूर सोडल्याशिवाय होणार नाही, असेही नाही. टूर कंपन्या आपण विचारतो तेच विकतात, आणि आपण आजवर विचारले ते एवढेच, की ठिकाणे किती आणि जेवण कोणते. त्यांना आता दुसरे प्रश्न विचारावेत. सक्काराला किती तास आहेत? दहशूर आहे का? गाईड इजिप्तचा परवानाधारक आहे, की फक्त आपला टूर मॅनेजर माहिती वाचून दाखवणार आहे? लक्सरला मुक्काम किती रात्रींचा, आणि त्यातल्या किती बोटीवर? दहा-बारा कुटुंबांनी मिळून असा कार्यक्रम मागितला, तर तो आखून न देणारी कंपनी विरळाच. आणि उत्तरादाखल नुसती ठिकाणांची लांबलचक यादी पुढे आली, तर तिच्यातली निम्मी नावे खोडून किंमत आणि दिवस पुन्हा मागावेत. सहलीवरून परतल्यावर शेजाऱ्याला काय काय पाहिले ते सांगणारे पुष्कळ असतात. दहशूरचा पिरॅमिड निम्म्यावर का वाकला आणि गिझाचा का वाकला नाही, हे सांगू शकणाऱ्याची सहल पैसावसूल झाली असे मी म्हणेन.