उघडा टप आणि आमचे मिटलेले वाचन

गेल्या सत्रात तौलनिक साहित्याच्या तासाला एका विद्यार्थिनीने 'द ग्रेट गॅट्स्बी'वर निबंध वाचला. निबंध मेहनतीने लिहिलेला होता. त्यात एक वाक्य असे होते की, गॅट्स्बीची उघडी मोटार हे नवश्रीमंतांच्या मिरवण्याचे प्रतीक होय. वर्गातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावर बसलेल्या आम्ही दोघांनीही. पुढे चहाच्या वेळी विषय निघाला तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "टप उघडून गाडी हाकणारा माणूस लोकांनी बघावे म्हणूनच हाकतो. त्यात वाचण्यासारखे आहे काय?" प्रस्तुत लेख ह्या वाक्याविरुद्ध आहे. आणि आमच्या डोलावलेल्या मानांविरुद्धही.

आमच्यापैकी एकजण एस्टीने महाविद्यालयात येतो, दुसरी स्कूटरवरून. तेव्हा कन्व्हर्टिबल गाड्यांच्या मालकांची वकिली करण्यात आमचा स्वार्थ नाही, हे आधीच नोंदवतो. (स्कूटरला टप नसतो. ती आम्ही मिरवण्यासाठी चालवतो असे अजून तरी कोणी म्हटलेले नाही.)

आमचा आक्षेप असा आहे. 'मिरवणे' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे वाचन संपते. थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ साली निरुद्योगी वर्गाच्या दिखाऊ उपभोगाचा सिद्धान्त मांडला. तो मूळातून न वाचताही आपण सर्वत्र लागू करतो, कारण तो लावायला सोपा आणि लावणाऱ्याला उंचीवर बसवणारा आहे. परंतु उघड्या टपाच्या गाडीला हा सिद्धान्त लावायचा तर एका साध्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल : ह्या गाडीचा मालक टप केव्हा उघडतो? टप बंदही होतो, हे त्या गाडीचे वैशिष्ट्य आहे. म्हणजे प्रत्येक वेळी मालकाला निवड करावी लागते. आणि जिथे निवड आहे तिथे वाचण्यासारखे काही तरी असतेच. कथात्म साहित्य शिकवणाऱ्यांना हे सांगावे लागू नये.

तीन वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकीला इंग्लंडमध्ये मावसभावाकडे आठवडाभर राहण्याचा योग आला. त्याच्याकडे पंधरा वर्षांची जुनी मझ्दा एमएक्स-५ आहे, तिथल्या नव्या साध्या छोट्या गाडीच्या किमतीपेक्षा बऱ्याच कमी पैशांत घेतलेली. नोव्हेंबरचा महिना. सकाळी गवतावर हिव पडलेले. डर्बीशरच्या डोंगराळ भागाकडे निघताना त्याने काचेच्या चौकटीवरची कडी सोडली आणि बसल्या जागेवरून एका हाताने कापडी टप मागे ढकलून दिला. बाजूच्या काचा वर घेतल्या, हीटर पायांवर सोडला, लोकरी टोपी कानांवर ओढली. "ताई, मफलर नीट गुंडाळ," एवढेच म्हणाला. पुढचे दोन तास आम्हांला बघायला मेंढ्यांखेरीज कोणीही नव्हते, आणि मेंढ्यांनीही बघितले नाही.

त्याचा नियम सरळ होता : पाऊस पडत नसेल तर टप खाली. त्या देशात हा नियम पाळणारे पुष्कळ आहेत. थंडीतली कोरडी, स्वच्छ सकाळ त्यांना सर्वांत प्रिय, कारण पाय उबेत आणि डोके गारव्यात असते. रिमझिम आली तरी लगेच थांबायचे कारण नसते. गाडी वेगात असली की पुढच्या काचेवरून वर उडालेला वारा पावसालाही डोक्यावरून मागे नेतो. पंचाईत होते ती सिग्नलला. उलट उन्हाळ्याच्या भर दुपारी, म्हणजे बघणाऱ्यांची गर्दी सर्वांत जास्त असते त्या वेळी, ह्यांतले बरेचजण टप लावून घेतात. ऊन थेट टाळूवर येते. वाळवंटी देशांत तर उघड्या गाडीचा हंगाम हिवाळ्याचा आणि वेळ रात्रीची. युरोपात अशा गाड्यांचे मोठे गिऱ्हाईक इटली किंवा स्पेन असेल असे आपल्याला वाटते; प्रत्यक्षात ते राहिले ढगाळ इंग्लंड आणि जर्मनी. ह्या सगळ्या वेळापत्रकात प्रेक्षक कुठे आहे? आम्हांला तरी हवामानच दिसते.

सुट्टीच्या रविवारी समुद्राकाठच्या रस्त्यावर, गाण्यांचा आवाज वाढवून, ताशी दहा मैलांनी टप उघडून फिरणारेही आहेत. व्हेब्लेन त्यांना खुशाल घ्यावा. वर्षातून असे चार रविवार सोडले तर त्यांचा टप मिटलेलाच असतो. आमचे म्हणणे एवढेच की, ह्या चार रविवारांवरून बाकीच्या दिवसांचा अर्थ लावू नये.

थोडे मागे जाऊ. केनेथ ग्रॅहॅमच्या 'द विंड इन द विलोज'मधला (१९०८) बेडूकराव मोटारीच्या नादाने वेडा होतो तेव्हा गॉगल, लांब कोट असा सरंजाम चढवतो. आपण तो पोशाखाचा सोस म्हणून वाचतो. पण त्या काळी जवळपास सगळ्याच मोटारी उघड्या होत्या आणि रस्ते धुळीचे. तो सरंजाम ही गरज होती. अमेरिकेत १९१९ साली विकल्या जाणाऱ्या गाड्यांत बंद गाड्या सुमारे १० टक्के होत्या. १९२७ पर्यंत त्या ८५ टक्क्यांपर्यंत गेल्या. १९२५च्या सुमारास एसेक्स कंपनीची बंद गाडी तिच्याच उघड्या गाडीपेक्षा स्वस्त मिळू लागली. वारा खाणे ही तोवरची सक्ती होती. आता त्यासाठी जास्त पैसे मोजावे लागू लागले. 'गॅट्स्बी' प्रसिद्ध झाली तीही १९२५ सालीच.

आता ती मोटार पाहू. आमच्या विद्यार्थिनीने 'उघडी मोटार' लिहिले ते कुठून? पुस्तकातून नव्हे. मूळ वर्णन पुन्हा काढून वाचले तर डोळ्यांत भरते ती काच : सूर्याची अनेक प्रतिबिंबे दाखवणाऱ्या काचा, आणि काचांच्या थरांमागे, हिरव्या चामड्याच्या काचघरात बसल्यासारखे बसलेले प्रवासी. उघडा टप आपल्या डोक्यात बसवला तो सिनेमाने. १९७४च्या चित्रपटात गॅट्स्बीला पिवळी, उघडी रोल्स-रॉइस मिळाली आणि तेव्हापासून पुस्तक न उघडताही ती सर्वांना दिसू लागली. आम्ही दोघे ही कादंबरी दहा वर्षे शिकवतो आहोत. आम्हांलाही तीच दिसत होती.

हा फरक क्षुल्लक नाही. ज्याला दिसायचे आहे त्याला काच पुरते. केवळ पुरतेच असे नाही, तीच सोयीची असते : केस विस्कटत नाहीत, धूळ बसत नाही, आणि लोक बघतात. टप उघडणाऱ्याला ह्या तिन्ही सोयी सोडाव्या लागतात. फिट्सजेराल्डने आपल्या मिरवणाऱ्या नायकाला काचघरात बसवले ह्यात त्याची नजर दिसते. ती नजर आपण सिनेमाच्या भरवशावर वाया घालवली.

सहकाऱ्यांनी ह्यावर जॉन केनेडी काढले. डॅलस, २२ नोव्हेंबर १९६३. उघडी लिंकन, दुतर्फा गर्दी. ह्याला तरी मिरवणे म्हणाल ना? म्हणू. पण तिथेही 'केव्हा' विचारावे. त्या गाडीवर बसवायला पारदर्शक प्लॅस्टिकचे सुटे छत होते. ते गोळी अडवणारे नव्हते, पावसासाठी होते. सकाळी फोर्ट वर्थला पाऊस होता. डॅलसला आभाळ निवळले म्हणून ते बसवले नाही. छत पारदर्शक का केले होते? पाऊस असला तरी माणूस दिसावा म्हणून. निखळ प्रदर्शनाला लागते ते हे छत.

टप कधीच न उघडणाऱ्यांचीही एक जात आहे, आणि आमच्या मते खरा दिखाऊपणा तिथे सापडतो. १९७६ साली कॅडिलॅकने आपली एल्डोराडो ही शेवटची अमेरिकी कन्व्हर्टिबल म्हणून विकली. लोकांनी ती उड्या टाकून घेतली. बऱ्याचजणांनी चालवण्यासाठी नव्हे, तर पुढे भाव येईल म्हणून झाकून ठेवण्यासाठी. पण १९८२ साली क्रायस्लरने अशा गाड्या पुन्हा काढल्या आणि १९८४ मध्ये खुद्द एल्डोराडोही उघड्या टपासह परत आली. तेव्हा काही जुने गिऱ्हाईक फसवणूक झाली म्हणून कोर्टात गेले. त्यांची तक्रार वाऱ्याबद्दल नव्हती. आपल्याकडे आहे ते दुसऱ्यालाही मिळाले, ही होती. व्हेब्लेनला हवा तो माणूस गॅरेजात, टप मिटून बसलेला आहे.

आमच्या बाजूला अडचणीचे ठरणारेही काही आहे, ते लपवत नाही. मर्सिडीजने २००४ साली आपल्या एसएलके गाडीत मानेवर गरम हवा सोडणारी झोत-नळी बसवली. वारा अडवणाऱ्या जाळ्या त्याआधीपासून मिळतात. टप उघडायचा, आणि मग वारा लागू नये म्हणून यंत्रे लावायची! इथे आमच्या सहकाऱ्यांना हसायचा पूर्ण अधिकार आहे. पैशाचा प्रश्नही खरा आहे. पंधरा वर्षांची मझ्दा सोडली तर ह्या गाड्या बहुधा घरातली दुसरी गाडी असतात, आणि दुसरी गाडी परवडणे म्हणजे काय हे आम्हांला कळते. पण पैसा कोणाकडे आहे हे सांगितल्याने त्या पैशातून त्याला काय अनुभवाला आले हे सांगून होत नाही. समीक्षेचे काम तिथून सुरू होते.

मग आम्हां मराठी वाचकांना उघडी गाडी दिसताच मिरवणेच का आठवते? आमचा तर्क असा की, ह्याला व्हेब्लेन जबाबदार नाही. आमच्या गल्ल्या आहेत. आपल्याकडे उघडे वाहन येते ते वरातीत किंवा निवडणुकीच्या निकालादिवशी. जीपवर उभा, हार घातलेला, गुलालाने माखलेला, हात जोडलेला माणूस. 'मिरवणूक' हा शब्दच त्या क्रियापदातून आलेला. हल्ली सनरूफमधून मुलाला उभे करून गावातून गाडी फिरवतात, तेही त्याच संस्काराचे धाकटे रूप. आपण डर्बीशरच्या रस्त्यावर आपल्या गल्लीतली जीप पाहतो आणि त्या पाहण्याला सिद्धान्ताचे नाव देतो. ज्याला आपण परक्या वर्गाची चिकित्सा समजतो ती आपल्याच अनुभवाची पुनरावृत्ती असते.

ह्यात नुकसान विद्यार्थ्यांचे होते. दुसऱ्याच्या सुखाची नोंद घेताना त्यावर लगेच संशयाचा शिक्का मारायला आपण त्यांना शिकवतो. दुःख आले की ती तपशिलाने वाचतात, पोटतिडकीने लिहितात. सुख आले की एक पारिभाषिक शब्द टाकून पुढे जातात. निबंध वाचणाऱ्या त्या मुलीला आम्ही नंतर विचारले, तुला स्वतःला अशा गाडीत बसायला आवडेल का? ती गोंधळली. मग हळूच म्हणाली, "आवडेल ना, सर. पण ते निबंधात कसं लिहिणार?"

ह्या सत्रात आम्ही कादंबरीतली ती उकाड्याची दुपार नेमली आहे. लाँग आयलंडवरून न्यू यॉर्कला जायचे ठरते आणि गाड्यांची अदलाबदल होते. गॅट्स्बीची पिवळी गाडी टॉम घेतो, निक आणि जॉर्डन त्याच्याबरोबर. गॅट्स्बी आणि डेझी टॉमच्या निळ्या कूपेत बसतात. कूपे म्हणजे बंद, वर पक्के छत असलेली गाडी. इतक्या उष्म्यात ती दोघे बंद गाडी का पत्करतात, एवढाच प्रश्न दिला आहे. दोन पाने लिहायची. 'प्रतीक' हा शब्द वापरायचा नाही. वह्या परवा जमा झाल्या. अजून वाचायच्या आहेत.