गलबल्यातील ध्यान

आज भाद्रपद शुद्ध चतुर्थी. गिरगावापासून लालबागेपर्यंत घरोघरी श्रींची प्राणप्रतिष्ठा होत आहे. चाळीच्या ज्या खोलीत एरवी घरच्यांनाच पाय पसरणे कठीण, तेथे चौरंगासाठी जागा निघाली आहे. अशा घरात ध्यानाला बसावे कोठे, हा प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो. बाहेर ढोल, आत पाहुणे. एकांत असा नाहीच. मग मनःशांती काय ती हिमालयात जाणाऱ्यांनीच मिळवावी?

आम्हांस तसे वाटत नाही. ध्यानयोग शिकविणारा गीतेचा सहावा अध्याय सांगितला गेला तो दोन सैन्यांच्या मधोमध, शंखभेरींचा कल्लोळ उसळून गेल्यावर. त्यात शुद्ध जागेचे, स्थिर आसनाचे, एकांताचे वर्णन आहे हे खरे. परंतु ते ऐकून अर्जुनाने जी अडचण मांडली ती जागेची नव्हे, मनाची. वाऱ्यासारखे हे मन आवरावे कसे, असे तो विचारतो. आणि भगवंत त्याला अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. या शंकेच्या लगेच अगोदर बत्तिसावा श्लोक येतो. त्याकडे आपले लक्ष कमी जाते. दुसऱ्याचे सुखदुःख जो स्वतःच्या सुखदुःखासारखे जाणतो तो योगी श्रेष्ठ, असा तेथे निर्वाळा आहे. ध्यानाची शिकवण ऐन भरात आली असता शेजाऱ्याच्या वेदनेची ही आठवण निघते, ती उगीच नव्हे.

परळकरांना हे विस्ताराने सांगणे नको. १९२६ साली सुरू झालेले केईएम आणि १९४१ सालचे टाटा स्मारक रुग्णालय याच वस्तीत आहेत. कर्करोगाचे रुग्ण दूरदूरच्या प्रांतांतून येथे येतात आणि त्यांचे कित्येक नातलग पदपथावरच पथारी पसरतात. कोळी बांधवांच्या व विक्रेत्यांच्या नवसातून १९३४ पासून बसणारा लालबागचा गणपती तेथून फार लांब नाही. त्याच्या दर्शनाच्या रांगेत पुढच्या वृद्धेस धक्का न लागू देता तासन्‌तास उभे राहणे, हेही आमच्या मते एक आसनच आहे, आणि पद्मासनाहून कठीण! रुग्णालयापासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते, हे मंडळांच्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. सणासाठी काही रात्री ध्वनिक्षेपकाला दहानंतरही सवलत मिळते. मिळाली म्हणून ती वापरलीच पाहिजे असे कोणत्या शास्त्रात आहे?

गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून उत्सव चालू आहे. तेथे मूर्ती लहानच असते आणि विसर्जनाला पालखी निघते. त्याने श्रींचा मान उणा झाल्याचे कोणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही.

घरच्या पूजेतही थोडे थांबता येईल. गणेश मूलाधारी नित्य वसतो आणि योगी त्याचे ध्यान करतात, असे ज्या अथर्वशीर्षात सांगितले आहे, त्याचीच एकवीस आवर्तने आपण घड्याळाकडे पाहत उरकतो. एखादे आवर्तन सावकाश व्हावे. आरती संपल्यावर झांजा खाली ठेवून मुलांसह सर्वांनी घटकाभर मूर्तीकडे नुसते पाहत बसावे. कुकरची शिट्टी झाली तर होऊ द्यावी. आणि प्रसादाचे मोदक वाटताना परळच्या त्या पदपथाकडेही एक डबा जावा.