जुना उतारा, नवा हिशेब



गेल्या हंगामात हरभऱ्याच्या पाहणीसाठी एका गावी गेलो होतो. काम आटोपून चहा घेत असता घरातल्या वहिनींनी ट्रंकेतला एक कागद पुढे केला. मालकांच्या माघारी सापडलेला, डीमॅट खात्याचा २०१० सालचा उतारा. त्यात ओएनजीसीचे, म्हणजे तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचे, १०० शेअर. मुंबईच्या समुद्रात १९७४ साली सापडलेले तेल काढते तीच ही सरकारी कंपनी.

घरात वाटणीची बोलणी चालू होती. मुलाने हिशेब केला, "२०२३-२४ सालचा लाभांश शेअरमागे १२ रुपये २५ पैसे. शंभराचे सव्वाबाराशे. एवढ्यासाठी काकांशी वाद कशाला? देऊन टाकू."

मी म्हटले, "वहिनी, सही करण्याआधी ताजा उतारा काढा. जुन्या सातबाऱ्यावर आपण जमिनीचा व्यवहार करतो का?"

मंडळी, एकूण पीक काढायचे तर एकरी उत्पादन आणि त्या वर्षी पेरलेले क्षेत्र, दोन्ही लागतात. लाभांशाचेही तसेच. दर शेअरमागचा लाभांश आणि त्या वर्षी हाती असलेले शेअर, यांचा गुणाकार करायचा. मुलाने दर नवा घेतला, पण शेअर जुने धरले.

२०११ साली या कंपनीने १० रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे ५ रुपयांचे दोन केले. १०० चे २०० झाले. त्याच वेळी एकास एक बक्षीस शेअर दिला, ४०० झाले. २०१६ च्या अखेरीस दोनामागे एक बक्षीस मिळाला, ६०० झाले. मधे विकले नसतील, तर आज ६०० हवेत.

आता २०१७-१८ ते २०२३-२४ या सात वर्षांचे दर मांडा : ६.६०, ७.००, ५.००, ३.६०, १०.५०, ११.२५ आणि १२.२५ रुपये. बेरीज ५६ रुपये २० पैसे. सहाशेने गुणले की ३३,७२० रुपये. शंभरच धरले असते तर ५,६२०. उलट चूकही करू नका. २०१० सालचा दर आजच्या ६०० शेअरांना लावू नका, तेव्हा ते १०० च होते.

टक्क्यांनाही भुलू नका. २४५ टक्के लाभांश म्हणजे ५ रुपये दर्शनी किमतीवर १२ रुपये २५ पैसे. बाजारभावाशी त्या टक्क्यांचा संबंध नाही.

ही रक्कम झाली अंदाजाची. प्रत्यक्षात किती आली ते पासबुकात पाहा. बँकेचे खाते बंद पडले असेल, तर लाभांश पडून राहतो. सात वर्षे कोणी मागितला नाही, तर तो सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो. सलग सात वर्षे असे झाले, तर शेअरही तिकडेच जातात. तरी बुडाले असे समजू नका. वारसाला कागदपत्रे देऊन ते परत मागता येतात.

लाभांश हे शेतीचे उत्पन्न नव्हे, हेही ध्यानात ठेवा. १ एप्रिल २०२० पासून तो शेअर धारण करणाऱ्याच्या उत्पन्नात मोजला जातो.

आणि मागचे पाहून पुढचे कर्ज काढू नका. याच ६०० शेअरांवर २०२०-२१ साली २,१६० रुपयेच पडले, २०२३-२४ साली ७,३५०. पावसासारखेच हे, एक साल दुसऱ्यासारखे नसते.

वहिनींनी वाटणीची सही थांबवली आहे. ताजा उतारा आला की दीर-भावजयांनी एकत्र बसून तो वाचावा, असे मी सुचवले. आपल्याही ट्रंकेत असा एखादा कागद असेल. या रविवारी घरच्या सगळ्यांसमोर उघडून पाहा.