संगणकाची किल्ली कुणाकडे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटी बदलला. नगामागे २५०० रुपये किमतीपर्यंत ५ टक्के, त्यावर १८ टक्के. पूर्वी ही मर्यादा १००० रुपये होती व त्यावर १२ टक्के लागत. असे बदल झाले की बिलाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती अनेकदा टाकावी लागते. आमच्या सोनगीरच्या पेठेतही अशा वेळी मुनीम बटण दाबतात आणि पडद्यावर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला जातो. तो मालकाकडे नाही तर धुळ्याच्या संगणकवाल्याकडे असतो. काम तिथेच अडते.

यावर व्यापारी बांधव दोन मार्ग काढतात. कुणी सर्वांनाच पासवर्ड देऊन टाकतो, कुणी अपडेट पुढे ढकलतो. आमच्या मते दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' विषाणू जगभर पसरला व ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे कामही खोळंबले. त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. ज्यांनी तो वेळेवर घेतला नाही ते सापडले. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या' आला. तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला. मग संगणकात सापडलेले ॲडमिनिस्ट्रेटरचे पासवर्ड वापरून तो एका यंत्रातून दुसऱ्यात गेला. मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प झाली आणि तिच्या समूहाकडे असलेल्या न्हावाशेवा बंदरातील टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. जिथे तिथे हा अधिकार वापरला गेला, तर एका यंत्रातले विष सर्वत्र पोहोचते, हा त्याचा धडा.

मग करावे काय? विंडोजचे स्वतःचे अपडेट यंत्रणाच बसवते. त्यासाठी मुनिमाला जादा अधिकार लागत नाहीत. मोठ्या कचेरीत इतर प्रोग्रामही मुख्य सर्व्हरवरून सर्व यंत्रांत एकदम घालता येतात. छोट्या दुकानात मुनिमाचे खाते साधेच ठेवावे. ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते वेगळे असावे व मालकानेही रोजच्या कामाला ते वापरू नये. आठवड्याचा एक दिवस ठरवावा. त्या दिवशी आधी हिशेबाची नक्कल वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी, मगच अपडेट बसवावे. अस्सल कंपनीच्या अपडेटमधूनही विष येऊ शकते, म्हणून ही नक्कल चुकवू नये.

तिजोरीची किल्ली आपण कुणाच्या हाती देत नाही, हे बरोबरच आहे. पण किल्ली ज्याच्याकडे, वेळेवर येऊन कुलूप उघडण्याची जिम्मेदारीही त्याचीच.