जॅकेट किती, माणसे किती?

गेल्या जुलैत मी न्यू जर्सीला मामेभावाकडे गेलो होतो. आमचे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठचे. मामूंच्या घरात दोन पिढ्या तांडेल होऊन गेले. भाऊ आता तिकडे औषध कंपनीत नोकरी करतो, पण दर्याची ओढ काही सुटलेली नाही. 22 फुटांची जुनी बोट घेऊन तो सुटीच्या दिवशी गळ टाकायला जातो. त्या रविवारी बार्नेगाटच्या खाडीमुखाबाहेर आम्ही चौघे होतो. भाऊ, त्याची दहा वर्षांची मुलगी, शेजारचे एक निवृत्त शिक्षक आणि मी.

तास-दीड तास झाला असेल. नारिंगी काठाची तटरक्षक दलाची बोट आमच्या दिशेने येऊ लागली. कमरेला पिस्तूल लावलेले दोन जवान आमच्या बोटीवर चढले. खरे सांगतो, माझा हात आपोआप खिशातल्या पासपोर्टकडे गेला. गणवेश दिसला की आधी कागद चाचपायचे, ही सवय मी घरून घेऊन गेलो होतो.

पहिला प्रश्न आला, "बोटीवर शस्त्र आहे का?" नव्हते. मग भावाचे ओळखपत्र आणि बोटीची नोंदणी पाहिली. बाकीच्यांना कोणी काही विचारले नाही. त्यानंतर खरे काम सुरू झाले. माणसे किती, जॅकेट किती? मुलीच्या मापाचे आहे का, तिने घातले आहे का? बुडत्याकडे फेकायची गादी कुठे आहे? अग्निशामक नळकांडे भरलेले आहे का? संकटात पेटवायच्या ज्योती कोणत्या सालच्या?

दोन चुका निघाल्या. फेकायची गादी माशांच्या बर्फपेटीखाली दबली होती आणि ज्योतींची मुदत संपली होती. "डबा तर फोडलेलासुद्धा नाही!" भाऊ कुरकुरला. जवान शांतपणे म्हणाला, "डबा जुना होत नाही, दारू होते." तपासणीचा कागद भरला, त्यावर ताकीद लिहिली, एक प्रत भावाच्या हातात दिली आणि मंडळी निघून गेली. सगळा प्रकार वीस मिनिटांचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावाने नव्या ज्योती आणल्या.

या तपासणीसाठी कोणताही संशय लागत नाही, हे मला नंतर कळले. अमेरिकेत रस्त्यावरची गाडी केवळ मनात आले म्हणून थांबवता येत नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली सांगितले. पण 1983 साली त्याच न्यायालयाने सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या एका खटल्यात, खुल्या समुद्राशी जोडलेल्या पाण्यातल्या बोटीवर कागद तपासायला संशयाशिवाय चढता येते, असा निकाल दिला. समुद्रावर नाके उभारता येत नाहीत आणि बोटींना मोटारींसारख्या एकसारख्या पाट्या नसतात, ही त्यामागची कारणे. तटरक्षक दलाचा अधिकारही कायद्याने दिलेला आहे आणि त्याची परंपरा 1790 पर्यंत मागे जाते. 1983 च्या निकालात न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी मत नोंदवले. कोणाला थांबवायचे हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडले की नागरिकाचे संरक्षण उरत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता.

मला तो विरोध बिनबुडाचा वाटत नाही. ज्याला वारंवार थांबवले जाते त्यालाच मर्जी म्हणजे काय ते कळते. पण म्हणून तपासणीच नको, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याचे कारण आपल्याच किनाऱ्यावर आहे.

7 मे 2023, रविवारची संध्याकाळ. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात तानूर येथे पर्यटकांची बोट उलटली आणि 22 माणसे गेली. त्यात कितीतरी लहान मुले होती. एकाच कुटुंबातले अनेक जण एका दिवसात दफन झाले. ती मूळची मासेमारीची बोट, रूपांतर करून सहलीला लावलेली. क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि 15 जणांचा जीव गेला. धडक देण्यात प्रवाशांचा दोष नव्हता. पण बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते, हेही त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिले.

आपल्याकडे तपासणी नाही असे नाही. 26 नोव्हेंबर 2008 नंतर तर ती फार वाढली. हल्लेखोर 'कुबेर' ही मासेमारीची बोट पळवून आले होते, त्यामुळे संशय मच्छीमाराच्या बोटीला चिकटला. ओळखपत्रे आली, बोटींची नोंदणी कडक झाली, रंग ठरले, गस्त वाढली. देशाच्या सुरक्षेसाठी हे करावे लागले आणि कोळी, गाबीत, भंडारी, दालदी मुसलमान अशा सगळ्या दर्यावर्दी समाजांनी ते निमूटपणे स्वीकारले. किनाऱ्याचे डोळे आणि कान आपणच आहोत, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

पण या तपासणीचा पहिला प्रश्न आहे, "तू कोण?" आणि पुष्कळदा तोच शेवटचाही असतो. "तू धडपणे घरी पोहोचशील ना?" हा प्रश्न विचारायचा राहून जातो. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी कोकणातल्या एका बंदरावरून गळाने मासे धरायच्या सहलीला गेलो. हल्ली हा चांगला जोडधंदा झाला आहे आणि तो वाढलाही पाहिजे. जेट्टीवर आमची नावे लिहून घेतली, आधार कार्ड पाहिले. होडीत आम्ही अकरा जण होतो. जॅकेटे सात होती, तीही नाळेत दोरीने घट्ट बांधून ठेवलेली. मुलांच्या मापाचे एकही नाही. ज्याने आधार पाहिले त्याने जॅकेटे मोजली नाहीत. आणि कबूल करतो, मीही मोजली नाहीत. ते आठवले थेट न्यू जर्सीत, त्या जवानाने बोट दाखवून एक, दोन, तीन, चार मोजले तेव्हा.

माणसाची ओळख विचारणारी तपासणी त्याला आरोपीच्या जागी उभे करते. त्याच्या जिवाची चौकशी करणारी तपासणी त्याला नागरिक मानते. दोन्हींत गणवेश तोच असतो, फरक प्रश्नात आहे. म्हणून माझी मागणी तपासणी कमी करण्याची नाही, ती सर्वांना सारखी करण्याची आहे. एकच छापील यादी हवी, मग बोट शेठची असो, गरीब तांडेलाची असो की एखाद्या साहेबाच्या पाहुण्यांची. काय पाहिले, काय आढळले, कोणी पाहिले, याची सही केलेली प्रत बोटमालकाला मिळालीच पाहिजे. मर्जीवर लगाम घालायला कागदाइतके साधे साधन दुसरे नाही. पहिल्या चुकीला ताकीद आणि मुदत द्यावी, हप्त्याला जागा ठेवू नये. किती माणसांची परवानगी आहे तो आकडा होडीच्या बाहेरच्या अंगाला, चढणाऱ्याला दिसेल असा रंगवावा.

अमेरिकेत तटरक्षक दलाचे स्वयंसेवक किनाऱ्यावर मोफत तपासणी करून देतात. त्यात चूक निघाली तर दंड नाही, सगळे ठीक असेल तर बोटीवर लावायला चिकटपट्टी मिळते. आपल्याकडे पावसाळ्यात, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. मच्छीमार सोसायट्या, महाविद्यालयातली मुले आणि मोहल्ल्यातली तरुण मंडळे यांनी मनावर घेतले तर प्रत्येक बंदरात हे करता येईल. त्यासाठी कोणत्याही अध्यादेशाची वाट पाहायची गरज नाही.

मात्र तपासणीवर सगळा भार टाकूनही चालणार नाही. अमेरिकेत मोठ्या माणसाने जॅकेट जवळ ठेवले तरी कायदा भागतो, अंगात घालण्याची सक्ती बहुतेक वेळा नसते. परिणाम काय? 2023 साली तिथे हौशी नौकाविहारात 564 माणसे दगावली. ज्यांच्या मृत्यूचे कारण कळले त्यांतले चारपैकी तिघे बुडून गेले, आणि बुडालेल्यांपैकी 87 टक्के लोकांनी जॅकेट घातलेले नव्हते. होडी उलटल्यावर जॅकेट शोधायला वेळ नसतो.

परतीच्या वाटेवर भाचीने मला विचारले, "चाचा, तुम्ही का नाही घातलं?" मला उत्तर सुचले नाही. मी घातले. वाचकहो, पुढच्या वेळी होडीत पाय ठेवण्याआधी मोजा. माणसे जास्त आणि जॅकेटे कमी असतील तर पाय मागे घ्या, आणि सोबतच्यांनाही थांबवा. तुम्हाला पोहता येत असले तरीही.