भोपळ्याला ऑइल पेंट

मराठी भाषेने भोपळ्याचा जेवढा अपमान केला आहे, तेवढा दुसऱ्या कुठल्याही भाजीचा केलेला नाही. पोराला गणितात शून्य मिळालं की म्हणायचं, भोपळा मिळाला. फलंदाज आल्या पावली परतला की त्याला भोपळाही फोडता आला नाही. भ्रम फुटतो तोदेखील भोपळ्याचाच, वांग्याचा नव्हे. एवढं सगळं सोसून भोपळा माळ्यावर गप्प पडून असतो आणि घरात दुसरं काही नसलं की घारग्यांच्या रूपाने यजमानांची अब्रू राखतो. तो स्वतः काही बोलणार नाही, म्हणून त्याच्या वतीने मी बोलतो. माझी तक्रार अशी की, भोपळ्याला चाकू लावणं वाईट असेल, पण त्याला ऑइल पेंट फासणं त्याहून वाईट आहे. आणि ते सुधारणा म्हणून केलं जातं, हे तर फारच वाईट.

झालं असं की, २०२४ साली नरकचतुर्दशी आणि ३१ ऑक्टोबर नेमके एकाच दिवशी आले. सकाळी अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी हॅलोविन, असा भरगच्च कार्यक्रम आमच्या सावेडीतल्या सोसायटीने जाहीर केला. (त्याच वर्षी आमच्या अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि पाट्या रंगवणारे पेंटर कामात बुडून गेले. आम्ही तोंडाने पूर्वीही ‘नगर’ म्हणत होतो, आताही म्हणतो. तोंडाला रंग द्यावा लागत नाही.) फळ्यावर सूचना लागली: ‘मुलांनी भोपळे कोरून आणू नयेत. चाकूने इजा होते. भोपळे रंगवून आणावेत. रंग टिकण्यासाठी ऑइल पेंट वापरावा.’ खाली सेक्रेटरींची सही. ती सही करताना आपण सतीबंदीच्या कायद्यावर सही करतो आहोत असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता, असं पाहणारे सांगतात.

सोसायटीत ताबडतोब दोन तट पडले. एक तट म्हणाला, वा, काय पुरोगामी विचार! दुसऱ्या तटाचे पुढारी एक निवृत्त गृहस्थ. ते म्हणाले, “ही अमेरिकेची थेरं आपल्याकडे नकोत.” आता त्यांना कसं सांगावं की, हॅलोविन कशाला, हा तांबडा भोपळाच मुळात अमेरिकेचा आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो हीसुद्धा तिकडचीच मंडळी. अमेरिकेची थेरं हद्दपार करायची म्हटलं तर पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या उपासाच्या ताटातला बटाट्याचा कीस जाईल. उलट हॅलोविनचं मूळ अमेरिकेत नाहीच. आयर्लंड-स्कॉटलंडकडचे लोक पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. तेच लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना हा गुबगुबीत भोपळा दिसला आणि सलगमाची सुटका झाली. म्हणजे भूत युरोपचं, भोपळा अमेरिकेचा आणि ऑइल पेंट तेवढा आमच्या सोसायटीचा.

मी या दोन्ही तटांत नाही. भुतांबद्दल माझी काही तक्रार नाही. मी बँकेत काउंटरवर बसतो आणि मार्चअखेर पाहिलेल्या माणसाला भुताची भीती उरत नाही. माझी तक्रार हिशेबाची आहे.

बी.कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला होता. त्या ज्ञानाचा उपयोग करण्याची संधी इतक्या वर्षांत हीच पहिली आली. अख्खा, न चिरलेला, देठ शाबूत असलेला भोपळा कोरड्या हवेशीर जागेत दोन-तीन महिने सहज टिकतो. फ्रिज नको, वीज नको, विमा नको. एकदा का त्याला सुरी लागली की घसारा सुरू. कोरून आत दिवा ठेवलेला भोपळा आमच्या नगरच्या ऑक्टोबरच्या उन्हात दुसऱ्या दिवशी मान टाकतो, तिसऱ्या दिवशी मुंग्यांची सभा भरते आणि चौथ्या दिवशी शेजारी बोलेनासे होतात. तेव्हा कोरू नका, हे सेक्रेटरींचं म्हणणं मला सोळा आणे मान्य आहे. विळ्या-भोपळ्याचं सख्य आपल्या भाषेत आहेच. मुलांनी त्यात पडायचं कारण नाही.

पण रंगवलेल्या भोपळ्याचं काय? तो टिकतो. टिकतो, आणि खाता येत नाही. कोरलेला भोपळा म्हणजे सरळ बुडीत खात्यात टाकलेली रक्कम. निदान वही तरी स्वच्छ होते. ऑइल पेंटचा भोपळा म्हणजे एनपीए. ताळेबंदात गुबगुबीत दिसतो, वसुली शून्य. यावर एका शिकलेल्या गृहस्थांनी मला सुचवलं की, साल काढून खावा. म्हणजे या गृहस्थांच्या घरी भाजी कोण करतं ते उघड झालं. तांबड्या भोपळ्याची भाजी आपण सालीसकट करतो. साल काढली की फोडींचा लगदा होतो. शिवाय टर्पेंटाइनचा वास येणाऱ्या वस्तूला मेथ्यांची फोडणी देण्याचं धैर्य कुठल्या गृहिणीकडे आहे? घरगुती रंगांत शिसं दहा लाखांत नव्वद भागांहून अधिक असू नये, असा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू आहे. पण तो नियम भिंतींसाठी आहे. भिंत कोणी खात नाही.

भोपळा आणायला मी चितळे रोडच्या बाजारात गेलो होतो. आजकाल अख्खा भोपळा कोणी घेत नाही. फोड घेतात, पावशेर-अर्ध्या किलोची. अख्खा मागणारा म्हणजे लग्नघरचा नाहीतर आचारी. त्यामुळे भाजीवाल्या मावशींनी आदराने विचारलं, “कुणाचं कार्य हाय, दादा?”

म्हटलं, “कार्य नाही. त्याच्यावर तोंड काढायचंय.”

“कुणाचं?”

“भुताचं.”

मावशींनी माझ्या हातातला भोपळा काढून घेतला आणि खालून एक डागाळलेला पुढे केला. “मंग ह्यो न्या की. भुताला चांगला कशापायी?”

या प्रश्नाचं उत्तर सोसायटीच्या फळ्यावर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर सगळा मुद्दा मावशींनी एका वाक्यात निकालात काढला होता. मी उगाच पुढे लिहितो आहे.

आपल्याकडे भोपळे कोणी कोरले नाहीत की रंगवले नाहीत, असं थोडंच आहे? मिरजेचे तंबोरे कसले असतात? भोपळ्याचेच. पंढरपूर भागातल्या शेतांतून ते भोपळे येतात. वाळवतात, कापतात, कोरतात, रंगवतात, त्यावर नक्षी करतात. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ सालीच भौगोलिक मानांकन मिळालं. पण तो भोपळा कडू. गोसाव्याचा तुंबा कडू भोपळ्याचा, एकतारीही त्याचीच. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला बांधायचे तोही वाळलेला तुंबाच. जो खाता येत नाही त्याचं वाद्य करायचं आणि जो खाता येतो त्याची भाजी करायची, एवढा साधा विवेक आपल्या पूर्वजांनी कुठल्याही सूचनेच्या फळ्याशिवाय पाळला. फार कशाला, अमेरिकन माणूससुद्धा पाळतो! मॅसॅच्युसेट्समधल्या जॉन हाउडन नावाच्या शेतकऱ्याने १९६०च्या दशकात खास कोरण्यासाठी भोपळ्याचं वाण तयार केलं. देठ दणकट, दिसायला देखणा आणि चवीला पाणचट. भुतासाठी वेगळा, पोटासाठी वेगळा. आम्ही मात्र हॅलोविन आणलं आणि हाउडनला तिकडेच ठेवून आलो.

आणि चाकूऐवजी रंग, हा शोध तरी सेक्रेटरींचा आहे का? बळी द्यायचा तो बोकडाऐवजी कोहळ्याचा द्यावा, ही तडजोड आपल्याकडे कधीची होऊन गेली. रक्ताच्या जागी कुंकू आलं. नगरच्या बाजारपेठेत आजही दुकानाच्या दारावर शिंकाळ्यात कोहळा टांगलेला असतो. त्याला हळदी-कुंकवाची बोटं ओढलेली असतात, आणि दुकानाला लागायची दृष्ट तो स्वतःवर घेतो. रंगवलेला भोपळा तो हाच. फरक एवढाच की, टांगणाराला ठाऊक असतं, हा एकच कोहळा आपण देवाच्या किंवा दृष्टीच्या नावाने सोडला आहे. चौदा नाहीत.

आमच्याकडे चौदा आले. चार-पाच किलोंचा एकेक, म्हणजे साठेक किलो माल. निळे, जांभळे, हिरवे. एकाला सुळे होते, एकाला चष्मा. (चष्मेवाला सेक्रेटरींसारखा दिसतो अशी कुजबुज झाली, म्हणून त्याचं पहिलं बक्षीस हुकलं.) फोटो निघाले, बक्षिसं वाटली गेली, आणि मग चौदाही भोपळे वॉचमनच्या खोलीच्या भिंतीशी ओळीने जाऊन बसले.

आमचे वॉचमनमामा पाथर्डीकडचे. दिवाळी झाली की त्यांचा भाऊ आणि भावजय ऊसतोडीला निघतात. कोपीत महिनोन्‌महिने राहायचं, तर बरोबर न्यायचं ते टिकणारं हवं. मामांनी सेक्रेटरींची रीतसर परवानगी काढली आणि त्यातल्या त्यात कमी रंगाचा एक भोपळा उचलला. विटेच्या तुकड्याने घासला. रॉकेल लावून पुसला, तेव्हा रंग थोडा गेला आणि रॉकेल आत राहिलं. नंतर साबण. दुसऱ्या दिवशी तो भोपळा पुन्हा ओळीत होता, तोंड भिंतीकडे करून. मामा काही बोलले नाहीत. बोलले असते तर मला हा लेख लिहावा लागला नसता.

याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथला व्यवहार असा की बियाणं न्यायचं आणि पिकल्यावर दुप्पट आणून द्यायचं. दामदुप्पट परतावा, केवायसी नाही आणि सर्व्हर डाऊन नाही. हे ऐकल्यापासून मला माझ्या बँकेचा उल्लेख चारचौघांत करवत नाही. चौदा भोपळ्यांच्या पोटात किती बिया असतील याचा हिशेब मी एकदा मांडायला घेतला होता, सौ.ने कागद काढून घेतला.

माझी सूचना अगदी साधी आहे. भुतं काढा, हवी तेवढी काढा. पण गेरूने काढा. डोळे चुन्याचे, भुवया कोळशाच्या, जीभ कुंकवाची, गाल हळदीचे. एक नोव्हेंबरला भोपळा नळाखाली धरायचा, भूत मोरीतून जाईल, भोपळा राहील. मग तो किसायचा, गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक मळायची, खसखस लावून घारगे थापायचे आणि तळायचे. मुलांना तळलेलं भूत खायला मिळालं तर हॅलोविनची गोडी वाढेलच.

सेक्रेटरी म्हणाले, “पण गेरू टिकत नाही हो!”

म्हटलं, “साहेब, टिकायला भोपळा हवाय, गेरू नव्हे.”

ते म्हणाले, लेखी द्या. दिलं. तीन प्रतींत. विषय : भोपळ्याचे रंगकाम, तैलरंगास बंदी घालणेबाबत. पोच मिळाली आहे. वार्षिक सभेत तो विषय पार्किंग, पाण्याची टाकी आणि लिफ्टच्या नंतर घेतला जाईल असं कळतं, आणि आमच्या सभेत आजवर कोणी पार्किंगच्या पुढे गेलेलं नाही.